खूण: नेहमीचा

पासवर्ड चुकला की विंडोज सेव्हन पडद्यावर एक ओळ दाखवतं. पासवर्ड ठरवताना मालकाने स्वतःला आठवावं म्हणून लिहून ठेवलेली खूण असते ती. वाचनालयासाठी घेतलेल्या जुन्या संगणकावर मी काहीतरी टाकून एंटर दाबलं, आणि निळ्या पडद्यावर इंग्रजी अक्षरांत लिहिलेला एक मराठी शब्द आला: नेहमीचा. एवढंच. दुरुस्तीवाला मुलगा शेजारी उभा होता. कराडच्या स्टँडजवळ त्याचं दुकान आहे, गावातल्या निम्म्या शाळा-पतसंस्थांची यंत्रं तोच बघतो. तो म्हणाला, “ताई, दहा मिनिटांचं काम हाय. पेनड्राइव्ह लावायचा, पासवर्ड उडवायचा. फक्त सांगा, आतलं ठेवायचंय का सगळंच साफ करू?” रोज कुणालातरी विचारत असेल, इतकं सहज त्याने विचारलं. मला मात्र उत्तर देता येईना. आज राहू दे, उद्या सांगते, असं म्हणून मी त्याला परत पाठवलं आणि घरी आल्यावरही तोच प्रश्न डोक्यात घोळत राहिला.

आतलं ठेवायचंय का. पण ते आतलं माझं होतं कुठे?

तो संगणक मला परका नव्हता. कचेरीजवळच्या ज्या डीटीपीच्या दुकानातून तो आला, तिथे माझं लहानपणापासून जाणं-येणं. दुकान कसलं, जिन्याखालची खोली. एका बाजूला संगणक, मागे झेरॉक्स मशीन, कोपऱ्यात स्क्रीन प्रिंटिंगच्या लाकडी चौकटी आणि शाईत मिसळायच्या थिनरचा तो डोक्यात जाणारा वास. भारनियमनाच्या दिवसांत वीज गेली की यूपीएस टीं-टीं करायला लागायचा आणि दुकानवाले काका सगळ्यांवर ओरडायचे, “थांबा, सेव्ह करू दे आधी.” सकाळी प्रतिज्ञापत्रं, हक्कसोडपत्रं, रेशन कार्डाचे अर्ज, दुपारी लग्नपत्रिका, संध्याकाळी कुणाच्या तरी दहाव्याचं पत्रक. सगळं त्याच खुर्चीत. पत्रिकेचं प्रूफ दाखवताना काका लाल पेन गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचे आणि स्वतः मोठ्याने वाचत सुटायचे: चिरंजीव अमुक, सौभाग्यकांक्षिणी तमुक, प्रेषक, निमंत्रक, किलबिल. एखाद्या आत्याचं नाव राहिलं तर पुढची दहा वर्षं घरात काय होतं ते त्यांना पक्कं ठाऊक होतं, म्हणून ते दोनदा विचारायचे, “सगळ्या आत्या आल्या का?” पुढे फ्लेक्सवाले आले, पत्रिका मोबाइलवर जायला लागल्या, काकांचे गुडघे धरले आणि मुलाने त्यांना पुण्याला नेलं. दुकानातलं सामान एका व्यापाऱ्याने एकरकमी उचललं. त्यातला संगणक आमच्या समितीला परवडला. पुस्तकांची यादी करायची, देवघेवीची नोंद ठेवायची, त्याला याहून मोठं यंत्र लागत नाही.

आईच्या दिवसांचं पत्रकही त्याच दुकानात झालं होतं. भावाने मजकूर सांगितला आणि काकांनी टाइप केला, मी दाराशी उभी होते. आता त्या छापील पत्रकाची एकही प्रत घरात नाही, अशी पत्रकं कोण जपून ठेवतं? त्यामुळे संगणक वाचनालयात येऊन टेबलावर बसला, तेव्हा सर्वांत आधी माझ्या मनात ते पत्रक आलं. पुस्तकांची यादी नंतर. दुरुस्तीवाल्या मुलाचा प्रश्न एवढा का टोचला, त्याचं हेही एक कारण होतं. ठेव म्हणावं तर गावातल्या शेकडो घरांचे कागद माझ्या हाती येणार होते. साफ कर म्हणावं तर त्यात आमचंही पत्रक जाणार होतं.

दुसऱ्या दिवशी मी त्याच्या दुकानात जाऊन बसले आणि पासवर्ड उडवतात म्हणजे नेमकं काय करतात ते विचारलं. मुलगा हुशार आहे, सांगायला आवडतं त्याला. संगणक आपला पासवर्ड लिहून ठेवतच नाही, हे मला तेव्हा कळलं. तो त्या अक्षरांवर एक गणित करतो आणि फक्त उत्तर ठेवतो. पुढच्या वेळी तुम्ही जे टाकाल त्यावर पुन्हा तेच गणित, आणि दोन्ही उत्तरं जुळली की दार उघडलं. उत्तरावरून मागे अक्षरांकडे येण्याची वाट नाही. अंदाजाने शब्द टाकून बघत राहायचं, नाहीतर ते ठेवलेलं उत्तरच पुसून टाकायचं. दुरुस्तीवाले पुसतात. नॉर्वेच्या पेटर नॉर्दाल-हागेन यांनी 1990च्या दशकात त्यासाठी एक चिमुकला प्रोग्रॅम लिहिला, लिनक्सवर चालणारा. संगणक विंडोजऐवजी त्यावर सुरू करायचा. विंडोज झोपलेलंच असतं, त्यामुळे ते कुणाला अडवत नाही, आणि ज्या फाइलीत ती उत्तरं असतात त्यातली आपल्या खात्यापुढची नोंद रिकामी करायची. जगभरच्या दुरुस्तीवाल्यांनी त्यावर पोट भरलंय. एक गोष्ट मात्र त्याने आवर्जून सांगितली. मालकाने विंडोजचीच सोय वापरून एखादी फाइल कुलूपबंद केली असेल, तर पासवर्ड असा पुसल्यावर ती फाइल कायमची गेली, कारण तिची किल्ली त्याच पासवर्डातून घडलेली असते. बऱ्याच ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्डही तसेच जातात. दार मोडून आत गेलेल्याला खोली मिळते, कपाट मिळत नाही.

आणि हे सगळं जुन्या यंत्रांपुरतं. त्याच्या फळीवर बंद पडलेल्या लॅपटॉपची चळत होती, बहुतेक कंपन्यांमधून निघालेले. तीन-चार वर्षं वापरून कंपन्या ते घाऊक विकतात, मग ते मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला नाहीतर दिल्लीच्या नेहरू प्लेसला येतात आणि तिथून आमच्यासारख्या गावांत. काहींच्या पाठीवर अजून कंपनीच्या मालमत्ता-क्रमांकाचं स्टिकर असतं. त्यातल्या कितीतरी लॅपटॉपना विंडोजच्याही आधी लागणारा बायॉसचा पासवर्ड असतो. डेस्कटॉपला मदरबोर्डावरचा रुपयाएवढा सेल काढला, जंपर हलवला की बहुधा तो जातो. कंपनीच्या लॅपटॉपमध्ये तो वेगळ्या चिपवर असतो, सेल काढून काही होत नाही. नव्या विंडोजमध्ये अनेकदा अख्खी डिस्कच बिटलॉकर या विंडोजच्याच कुलपाने बंद असते आणि बाहेरून ती उघडायला 48 आकडी किल्ली लागते. मॅकचं तर त्याहून अवघड. 2018 नंतरच्या बऱ्याच मॅकमध्ये आधीच्या मालकाने आपलं खातं काढलं नसेल तर उत्तम चालणारं यंत्र दुसऱ्याच्या हाती नुसता पत्रा होतं, आणि शेवटी भंगारात जातं. मला याचा मनापासून राग येतो. चोरी थांबावी म्हणून हे केलंय, ते मला पटतं, चोरीला गेलेला लॅपटॉप कुणालाच उघडता येऊ नये. पण विकणाऱ्या माणसाने पाच मिनिटं बसून आपलं खातं काढलं असतं, तर त्या चळतीतल्या एखाद्या यंत्रावर एखादी मुलगी शिकली असती.

उलट बाजू त्याहून काळजीची आहे. ज्यांना कुलूपच नाही, अशी यंत्रंही याच बाजारातून फिरतात. एमआयटीतल्या सिम्सन गार्फिंकल आणि अभि शेलत या दोघांनी वापरलेल्या 158 हार्डडिस्क विकत घेऊन तपासल्या होत्या, आणि 2003 साली ते प्रसिद्ध केलं. 129 चालू निघाल्या, आणि त्यांतल्या फक्त 12 नीट पुसलेल्या होत्या. बाकीच्यांतल्या कित्येकांवर लोकांच्या क्रेडिट कार्डांचे क्रमांक, दवाखान्याचे कागद, खासगी पत्रं. एक डिस्क तर इलिनॉय राज्यातल्या एटीएममधून निघालेली, व्यवहारांच्या नोंदींसकट. अनेकांनी डिस्क फॉरमॅट केली होती आणि आता सगळं गेलं असं समजून विकली होती. फॉरमॅट करताना बहुतेक वेळा फक्त अनुक्रमणिका फाडली जाते, पानं तशीच राहतात. मुलगा “साफ करू का” म्हणाला तेव्हा तो नेमकं काय करणार होता, हे मी त्याला त्या दिवशी विचारलं. तो क्षणभर गप्प राहिला आणि म्हणाला, “फॉरमॅट मारला असता. सगळे तेच करत्यात.”

मग मी काकांचा नंबर मिळवला.

फोनवर त्यांचा आवाज आनंदला. वाकडला सोळाव्या मजल्यावर राहतात, खाली उतरलं की ओळखीचं कुणी दिसत नाही म्हणाले. संगणक वाचनालयात आलाय हे ऐकून त्यांना फार बरं वाटलं. पण पासवर्ड विचारला आणि ते अडखळले. “रोज टाकायचो गं. पण सांगता येईना बघ.” कॅपिटल होता का, आकडे होते का, कुणाचं नाव होतं का? काहीच नाही. मी त्यांना खूण वाचून दाखवली, नेहमीचा. “व्हय की, मीच लिहिलंय ते,” म्हणाले, “नेहमीचाच होता.” आणि एकदम गप्प झाले. वयस्क माणसाला आपलंच काहीतरी आठवत नाही तेव्हा फोनवर जी शांतता पडते ती ऐकवत नाही. मी विषय बदलला आणि दुकानातल्या गोष्टी काढल्या. फोन ठेवता ठेवता ते म्हणाले, “पुतण्याच्या लग्नाला येणारच हाय मी. तवर कायबी उडवू नका. मी बसतो त्याच्यासमोर.” समितीच्या सचिवांना घाई होती, यंत्र घेऊन नुसतं ठेवलंय म्हणून ते कुरकुरत होते. मी त्यांना सांगितलं, मालक येईपर्यंत थांबायचं. विकत घेतलंय ते यंत्र, त्यातल्या कागदांचे पैसे आपण दिलेले नाहीत.

काका आले ते लग्नाच्या फेट्यासकट. फेटा काढून टेबलावर ठेवला, चष्मा पुसला, खुर्ची पुढे ओढली. कीबोर्ड नवा होता, जुना व्यापाऱ्याने कुठेतरी दुसरीकडे जोडून दिला असावा. त्यांनी बोटं ठेवली आणि थांबले. एका बोटाने, अक्षरं शोधत, काहीतरी टाकलं. चुकला. पुन्हा. चुकला. प्रत्येक वेळी खाली तीच ओळ, नेहमीचा. मी बघत होते की ते कीबोर्डाकडे बघून टाकत होते, आणि दुकानात ते कधीच कीबोर्डाकडे बघायचे नाहीत. गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे बघत टाइप करायचे. मुलगाही तिथे होता, आणि ही गोष्ट त्याच्याही लक्षात आली असणार, कारण त्याने आपला लॅपटॉप उघडला, नोटपॅड काढलं, भाषा मराठी केली, इन्स्क्रिप्ट कीबोर्ड लावला आणि काकांसमोर सरकवला. “काका, काय आठवू नका. दुकान उघडलंय, गिऱ्हाईक बसलंय. टाका.” काकांनी माझ्याकडे बघितलं. मी नकळत म्हणाले, “प्रतिज्ञापत्र करायचंय.” आणि त्यांच्या दोन्ही हातांची बोटं एकदम चालली, झरझर, दुकानातल्यासारखी. पडद्यावर एक मराठी शब्द आला. कुणाचंतरी नाव. काकांनी तो वाचला आणि लगेच बॅकस्पेस दाबून धरला. मीही मान वळवली. ते नाव कुणाचं हे मी विचारलं नाही, आणि इथे लिहिणारही नाही.

काय घडलं होतं ते मुलाने मग सांगितलं, पण ते मला नीट समजायला वेळ लागला. काका टायपिंग इन्स्टिट्यूटमधून आलेले नाहीत, सी-डॅक या सरकारी संस्थेच्या जिस्ट या भारतीय भाषांच्या प्रणालीच्या दिवसांत थेट संगणकावरच मराठी शिकले, म्हणून त्यांची बोटं टाइपरायटरच्या नाही तर इन्स्क्रिप्टच्या वळणाची. 1991 साली भारतीय मानक म्हणून मान्य झालेली ती रचना: डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजनं. विंडोज सुरू होताना मराठीचं सॉफ्टवेअर अजून जागं झालेलं नसतं, कळा इंग्रजीच असतात. काका मनात मराठी शब्द म्हणून मराठीच्याच कळा दाबायचे आणि संगणकाला दिसायची भलतीच इंग्रजी अक्षरं. उदाहरणार्थ, इन्स्क्रिप्टच्या कळांवर कुणी ‘विठ्ठल’ टाकला तर संगणकाला मिळतं: बी, एफ, दुहेरी अवतरणचिन्ह, डी, पुन्हा दुहेरी अवतरणचिन्ह, एन. कुठल्याही शब्दकोशात नसलेली अक्षरं. काकांना ती इंग्रजी अक्षरं आठवणं शक्यच नव्हतं, ती त्यांनी कधी बघितलीच नव्हती. पडद्यावर नुसती टिंबं यायची.

हे एकट्या काकांचं नाही, हे समजल्यावर मला फार बरं वाटलं. 2019 साली फुटलेल्या पासवर्डांच्या साठ्यात एक विचित्र पासवर्ड शंभराहून अधिक वेळा आढळला होता: जे, आय, तीन, दोन, के, सात, ए, यू, चार, ए, आठ, तीन. इतके लोक हेच आकडे-अक्षरं कशी निवडतील? तैवानच्या कीबोर्डावर त्या कळा दाबल्या की चिनीत होतं ‘माझा पासवर्ड’. त्याच वर्षी युनिक्स या संगणकप्रणालीच्या सुरुवातीच्या काळातल्या एका जुन्या फाइलीतले, ती घडवणाऱ्या लोकांचे पासवर्ड चर्चेत आले. डेनिस रिची यांचा त्यांच्या मधल्या नावावरून घेतलेला. ब्रायन कर्निहॅन यांचा म्हणजे स्लॅश, टिंब, स्वल्पविराम, शेजारशेजारच्या तीन कळांवर उजव्या हाताची बोटं फिरवलेली. केन थॉम्प्सन यांचा सहजी सुटेना, त्याला शक्तिशाली ग्राफिक्स कार्डावर चार दिवसांहून जास्त लागले. तो निघाला बुद्धिबळाचा डाव सुरू करतानाची एक चाल, वजिरासमोरचं प्यादं दोन घरं पुढे. 1979 साली रॉबर्ट मॉरिस यांच्याबरोबर पासवर्डच्या सुरक्षिततेवर निबंध लिहिणारा माणूस हा. त्यानेही शेवटी हाताला सवयीचं होतं तेच ठेवलं.

काकांनी वाचनालयाच्या संगणकावर तोच शब्द मराठीत म्हणत टाकला आणि विंडोजचा तो सुरू होतानाचा सूर वाजला. जुनी गणपतीची पार्श्वभूमी, आणि पडदा भरून फोल्डर. ‘लग्न’, ‘दहावा’, ‘अर्ज’, ‘कोर्ट’, ‘यात्रा’, ‘किरकोळ’, आणि ‘नवीन किरकोळ’. काकांनी विचारलंही नाही, ते सरळ ‘दहावा’ फोल्डरमध्ये गेले आणि आमच्या आडनावाची फाइल शोधून उघडली. पडद्यावर गिचमिड आली. इंग्रजी अक्षरं, आकडे, डॉलर, कंस. श्रीलिपी या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये केलेलं काम ते. फॉन्ट व्यापाऱ्याकडच्या धावपळीत कुणीतरी काढून टाकलेला, आणि श्रीलिपीचं हार्डवेअर लॉक, तो यूएसबीला लावायचा अंगठ्याएवढा डोंगल, काकांच्या वाकडच्या कपाटात. एक कुलूप उघडलं तर आत दुसरं. मी म्हणाले राहू द्या काका. पण ते पडद्याजवळ वाकले आणि बोट ठेवून वाचायला लागले. एच, मग उलटं उद्गारचिन्ह, डॉलर, टिंब. “हे ‘कै.’,” म्हणाले. वर्षानुवर्षं बिघडलेल्या फायली दुरुस्त करून त्यांना ती गिचमिड ओळखू येत होती, अख्खी नाही, पण नावं, तारखा, घाटाचं नाव. आईचं नाव त्यांनी अक्षर अक्षर लावून वाचलं. मग घाट, मग वेळ, सकाळी साडेआठ. मी ते सगळं एका कागदावर लिहून घेतलं. शेवटच्या ओळीत आम्ही भावंडांची नावं होती. माझं नाव वाचताना ते थांबले आणि म्हणाले, “यात जोडाक्षर चुकलंय माझ्याकडनं. तेव्हा कुणी सांगितलं न्हाई.”

पुढची दुपार आवराआवरीत गेली. लग्नपत्रिका ठेवायला काकांची हरकत नव्हती, हजार-हजार प्रती वाटलेल्या, त्यात लपवायचं काय? गावोगावच्या यात्रांची आणि कुस्त्यांच्या मैदानांची पत्रकंही ठेवा म्हणाले: कुठल्या साली कुठल्या पैलवानांची जोड लागली, इनाम किती, पंच कोण. मला तर ते सोनंच वाटलं, तालुक्याचा असा इतिहास कुठल्या पुस्तकात नाही. ‘कोर्ट’ फोल्डर त्यांनी न उघडताच उडवला. अडलं ते ‘अर्ज’वर. त्यात नुसते अर्ज नव्हते. लिहिता न येणाऱ्या बायकांनी सांगितलेली आणि काकांनी टाइप केलेली पत्रंही होती, तलाठ्याला, वकिलाला, मुंबईला राहणाऱ्या नवऱ्याला. मी म्हणाले, काका, हे वाचनालयाला द्या. नावं काढून ठेवू. त्या बायकांचा आवाज दुसरीकडे कुठे मिळणार? काकांनी चष्मा काढला. “नावं काढलीस तरी माणूस कळतो. पत्र्याचं घर, दोन मुली, सासू आंधळी, नवरा लालबागला. एवढ्याशा गावात अशा किती असतील? त्या माझ्याजवळ बोलल्या. त्यांच्या नाती येतात तुझ्या वाचनालयात.” मी वाद घातला. पन्नास वर्षं बंद ठेवू म्हणाले, पाकिटात घालू म्हणाले. त्यांनी ऐकून घेतलं, आणि फोल्डर उडवला. त्यांचं म्हणणं खोडून काढता येईल असं एकही उत्तर मला सापडलेलं नाही, आणि तरी ती पत्रं गेल्याची हळहळ कमी झालेली नाही. दोन्ही खरं आहे.

रिसायकल बिन रिकामा केल्यावर काका उठायला लागले, तेव्हा मुलानेच त्यांना थांबवलं. एवढ्याने गेलं नाही म्हणाला, आणि विंडोजमध्येच असलेली ‘सायफर’ नावाची आज्ञा काळ्या खिडकीत टाकली. ती डिस्कवरच्या मोकळ्या जागेवर तीनदा लिहीत जाते: एकदा सगळी शून्यं, एकदा सगळे एक, आणि एकदा वाटेल ते आकडे. नुसती टिंबं सरकत राहतात, दिसायला काही नाही. काकांनी समजून घेतलं आणि पुन्हा बसले. लग्नघरून दोनदा फोन आला, जेवायला बोलवत होते. “काम चालू हाय,” म्हणाले. मी चहा आणवला. मधल्या वेळात त्यांनी मला आणि मुलाला श्रीलिपीतून युनिकोडमध्ये, म्हणजे आता सगळीकडे चालणाऱ्या अक्षरांत, मजकूर नेताना कुठली जोडाक्षरं फुटतात ते सांगितलं: रफार पुढच्या अक्षरावर जातो, ऱ्हस्व वेलांटी सुटते, ‘ष्ट्य’सारखी जोडणी तर हातानेच लावावी लागते. मुलाने ते वहीत उतरवून घेतलं. सायफर संपल्यावर त्याने वाचनालयाच्या नावाने नवं खातं उघडलं, काकांचं खातं काढायच्या आधी त्यांना विचारलं, आणि शेवटची हो-ची कळ त्यांनाच दाबायला लावली. नवा पासवर्ड मी ठेवला, तो बंद पाकिटात सचिवांच्या कपाटात आहे आणि पाकिटावर कधी, कुणी उघडायचं ते लिहिलंय. खुणेच्या रकान्यात मी ‘पाकीट’ एवढंच लिहिलं.

डोंगल काका पुतण्याबरोबर पाठवणार आहेत. तो आला की कुस्तीच्या पत्रकांपासून सुरुवात करायची असं ठरलंय. प्रूफ वाचायला काका फोनवर बसणार आहेत, रोज संध्याकाळी, सहानंतर.